लक्ष्याच्या मागे काय आहे?

माझ्या लॅपटॉपवर एक एक्सेल शीट आहे. तिच्यात तीन पिस्तुलं आहेत आणि अकरा कॉलम. किंमत, वजन, नळीची लांबी, ट्रिगर किती जड, साफ करायला उघडताना किती कटकट, एका गोळीचा खर्च, असं सगळं. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. फोन घेताना, गाडी घेताना, एकदा तर प्रेशर कुकर घेतानाही मी अशी शीट केली होती. त्यामुळे यात मला काही विशेष वाटलं नाही. बाकीच्या सगळ्या शीट्सचा शेवट खरेदीत झाला, हिचा झाला नाही. का झाला नाही, याचं कारण त्या अकरा कॉलमांपैकी एकातही नाही. ते कारण नीट मांडता येतं का, हे बघायला हा लेख लिहितोय.

मी मूळचा कोल्हापूरचा. २०१८ साली इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होतो, तेव्हा राही सरनोबतने आशियाई क्रीडा स्पर्धेत २५ मीटर पिस्तूल प्रकारात सुवर्णपदक मिळवलं. आशियाई स्पर्धेत नेमबाजीचं सुवर्ण मिळवणारी ती पहिली भारतीय महिला, आणि आमच्या गावची. सामना शूट-ऑफपर्यंत गेला होता. हॉस्टेलच्या मेसमध्ये ताटं तशीच ठेवून टीव्हीसमोर बसलेल्या आम्हा पोरांना नेमबाजीतलं काडीचं कळत नव्हतं. मला आठवतो तो फक्त तिचा हात. एवढ्या ताणात माणसाचा हात इतका स्थिर कसा राहू शकतो? माझा तर व्हायव्हाला जाताना जर्नलसुद्धा हातात थरथरायचं.

पुढे एमएस करायला अमेरिकेत आलो, नोकरी लागली, आणि डॅलसच्या उत्तरेला एका उपनगरात राहायला लागलो. माझ्या टीममध्ये पन्नाशीचा एक टेक्सन आहे. शांत, देवभीरू, कोड रिव्ह्यूमध्ये कधी आवाज न चढवणारा. तो दर शनिवारी रेंजवर जातो. एकदा जेवताना मी त्याला सरनोबतबद्दल सांगितलं, तर म्हणाला, "मग ये की या शनिवारी, माझं पिस्तूल वापर."

अमेरिकेत बंदूक मिळणं म्हणजे मंडईतून मेथीची जुडी आणण्याइतकं सोपं, असा आपल्याकडे समज आहे. एच-वन-बी व्हिसावाल्यांसाठी तो खरा नाही. तात्पुरत्या व्हिसावर आलेल्या परदेशी माणसाने बंदूक विकत घेणंच काय, नुसती बाळगणंही १९९८ पासून केंद्रीय कायद्याने गुन्हा आहे. रेंजवर भाड्याने घेतलेलं पिस्तूलही त्यात येतं. व्हिसावरच्या माणसाला बारीक अक्षरांतलं आधी वाचायची सवय लागलेली असते, म्हणून मी जाण्याआधी वाचलं. कायद्याला मोजके अपवाद आहेत. आमच्यासारख्याला उपयोगी पडणारा त्यातला एक म्हणजे चालू मुदतीचा शिकारीचा परवाना.

म्हणजे कागदाला भोकं पाडायची असतील, तर आधी प्राणी मारायची परवानगी काढा. टेक्सासमध्ये रहिवाशाला हा परवाना पंचवीस डॉलरमध्ये मिळतो. त्यासाठी शिकारीच्या शिक्षणाचा एक कोर्स करावा लागतो, तो प्रौढांना ऑनलाइन करता येतो. फोनवर आईला सांगितलं, तर ती क्षणभर गप्पच झाली. मग म्हणाली, "म्हणजे काय ससे मारणार तू आता?" मी म्हटलं, नाही गं, नुसता कागद. ती म्हणाली, "मग कागदाचा परवाना काढ की."

त्या कोर्सकडे परत येतो. आधी शीटबद्दल.

नेमबाजी शिकणाऱ्याला जगात कुठेही पहिला सल्ला मिळतो तो पॉइंट टू-टूचा, म्हणजे .२२ लाँग रायफल या काडतुसाचा. १८८७ पासून ते बनतंय आणि आजही नेमबाजीचा सराव म्हटलं की तेच समोर येतं. गोळीचा व्यास ५.६ मिलिमीटर, वजन साधारण अडीच ग्रॅम, आपल्या रुपयाच्या नाण्याहूनही कमी. सरनोबतच्या २५ मीटर प्रकारात हीच गोळी असते. तिचे दोन मोठे फायदे. पहिला पैशाचा. मी हिशोब केला तेव्हा पॉइंट टू-टूची गोळी आठ सेंटच्या आसपास पडत होती आणि नाइन एमएमची सत्तावीस. आठवड्याला दोनशे गोळ्या धरल्या, तर वर्षाला जवळजवळ दोन हजार डॉलरचा फरक. म्हणजे पिस्तुलाची किंमत तीन-चार महिन्यांत वसूल.

दुसरा फायदा शिकण्याचा. नवशिक्याची सगळ्यात मोठी खोड म्हणजे धक्क्याला घाबरणं. मोठ्या काडतुसाचा दणका एकदा बसला की शरीर तो लक्षात ठेवतं. पुढच्या वेळी ट्रिगर दाबताना मनगट आधीच खाली झुकतं आणि गोळी लक्ष्याच्या खाली जाते. ही खोड पकडायची एक पद्धत आहे. दुसऱ्या कुणीतरी मॅगझिनमध्ये खऱ्या गोळ्यांमध्ये एखादी नकली गोळी घालून द्यायची. ती नकली गोळी आली की स्फोट होत नाही, पण हात मात्र झुकलेला दिसतो. आपणच आपल्याला चोरी करताना पकडल्यासारखं वाटतं. पॉइंट टू-टूला धक्का जवळजवळ नसतोच, त्यामुळे भीती मध्ये न येता हात शिकतो.

पिस्तुलं तीन होती. रुगर मार्क फोर: या घराण्याचं पहिलं पिस्तूल १९४९ सालचं. जुन्या मॉडेलांची ख्याती अशी की साफ करायला उघडलं की परत जोडताना घाम फुटायचा. २०१६ च्या मार्क फोरमध्ये मागे एक बटण दिलंय, ते दाबलं की पिस्तूल उघडतं. ब्राउनिंग बक मार्क: १९८५ पासून आहे, ट्रिगर फार गोड, पण नीट साफ करायचं तर वरची पट्टी स्क्रू काढून उतरवावी लागते. स्मिथ अँड वेसन व्हिक्टरी: एका स्क्रूवर उघडतं आणि नळी बदलता येते. तिन्ही चारशे-पाचशे डॉलरच्या घरात, तिन्हींच्या मॅगझिनमध्ये दहा गोळ्या. मी कॉलमांना वजनं दिली, गुण घातले, सूत्र ओढलं. मार्क फोर पहिलं आलं.

आता तो कोर्स. मी तो एक कटकट म्हणून उरकायला बसलो होतो. हरणाच्या शरीरात हृदय कुठे असतं ते पाठ करायचं, चाचणी द्यायची, परवाना घ्यायचा, एवढीच तयारी. पण त्यात सुरक्षेचे चार मूळ नियम होते. नळी कायम सुरक्षित दिशेला. प्रत्येक बंदूक भरलेलीच आहे असं समजा. गोळी झाडायची वेळ येईपर्यंत बोट ट्रिगरपासून लांब. आणि चौथा: तुमचं लक्ष्य काय आहे, त्याच्या पुढे काय आहे आणि त्याच्या मागे काय आहे, याची खात्री करा. उदाहरण असं की, टेकडीच्या माथ्यावर आकाशाच्या पार्श्वभूमीवर हरीण उभं असेल, तर ते कितीही सुंदर लक्ष्य असलं तरी झाडायचं नाही. कारण माथ्यापलीकडे काय आहे ते तुम्हाला दिसत नाही. नेम चुकला की गोळी तिकडे जाणार. पॉइंट टू-टूच्या खोक्यांवरही इशारा छापलेला असतो की ही गोळी दीड मैलापर्यंत जाऊ शकते. अडीच ग्रॅमचा तो तुकडा, आणि जवळजवळ अडीच किलोमीटर.

हा चौथा नियम वाचताना मला चौथीच्या बाई आठवल्या. आपल्याकडे एकाग्रता शिकवायची एकच गोष्ट आहे. द्रोणाचार्य झाडावर लाकडी पक्षी ठेवतात आणि शिष्यांना विचारतात, काय दिसतं? धर्मराज म्हणतो, झाड दिसतं, पक्षी दिसतो, माझे भाऊ दिसतात, गुरुदेव, तुम्हीही दिसता. द्रोणाचार्य म्हणतात, बाजूला हो. अर्जुन म्हणतो, मला फक्त पक्ष्याचा डोळा दिसतो. तो पास. ही गोष्ट आम्हाला स्कॉलरशिपच्या परीक्षेआधी सांगितली, दहावीला सांगितली, बारावीला सांगितली, कंपनीच्या इंडक्शनमध्येही कुणीतरी स्लाइडवर टाकली होती. मी आयुष्यभर अर्जुन व्हायचा प्रयत्न करत आलोय.

आणि टेक्सास सरकारचा एक कोर्स मला सांगत होता की बाबा रे, झाड दिसलंच पाहिजे. भाऊ दिसले पाहिजेत. गुरुजी पक्ष्याच्या मागच्या बाजूला उभे असतील, तर तेही दिसले पाहिजेत. ज्याला फक्त डोळा दिसतो, तो रेंजवर सगळ्यात धोकादायक माणूस. त्या दिवशी झाडाखाली नापास झालेला मुलगा पुढे धर्मराज म्हणून ओळखला गेला, हे इतक्या वेळा गोष्ट ऐकूनही माझ्या लक्षात आलं नव्हतं. मला द्रोणाचार्यांना चूक ठरवायचं नाही. ते धनुर्विद्या शिकवत होते, आणि बाण सुटायच्या त्या क्षणाला अर्जुनच लागतो. पण बाण सोडायचा की नाही, हे त्या क्षणाच्या आधी ठरवावं लागतं. ते ठरवताना धर्मराजासारखं सगळं दिसावं लागतं.

माझी शीट पूर्णपणे अर्जुनाची होती. आठ सेंट दिसत होते, बाकी काही नाही.

मग मी मागे बघायला लागलो. पहिल्यांदा दिसला तो इतिहास. 'पॉइंट टू-टू म्हणजे काय, खेळण्यातलीच बंदूक' हे वाक्य मी तोपर्यंत चार जणांकडून ऐकलं होतं, आणि आईला धीर देताना स्वतःही वापरलं होतं. १९६८ च्या जूनमध्ये लॉस एंजेलिसच्या एका हॉटेलात रॉबर्ट केनेडींना मारलं, ते पॉइंट टू-टूच्या रिव्हॉल्व्हरने. ३० मार्च १९८१ ला वॉशिंग्टनमध्ये राष्ट्राध्यक्ष रेगन यांच्यावर दोन सेकंदांच्या आत सहा गोळ्या झाडल्या गेल्या, त्याही पॉइंट टू-टूच्याच. रेगन यांना लागलेली गोळी आधी त्यांच्या मोटारीवर आपटून मग त्यांच्या काखेखाली घुसली. एकूण चौघे जखमी झाले. त्यांतले प्रेस सेक्रेटरी जेम्स ब्रेडी डोक्यात गोळी लागून कायमचे अपंग झाले. २०१४ साली ते गेले, तेव्हा त्यांचा मृत्यू त्या तेहतीस वर्षांपूर्वीच्या गोळीमुळेच झाला असं वैद्यकीय तपासणीत ठरलं.

ते स्वस्त रिव्हॉल्व्हर विकत घेतलं होतं डॅलसमध्ये. १९८० च्या ऑक्टोबरात, एका पॉन शॉपमधून, पन्नास डॉलरच्या आत. मी राहतो तिथून गाडीने तासाभराच्याही आतलं अंतर.

त्या गोळीबारानंतर बारा वर्षांनी, १९९३ मध्ये, ब्रेडी यांच्या नावाचा कायदा झाला. आज दुकानात पिस्तूल घेताना खरेदीदाराची पार्श्वभूमी तपासतात, ती त्याच कायद्यामुळे. म्हणजे 'खेळण्यातलं' पॉइंट टू-टू घ्यायला मी ज्या तपासणीला सामोरा जाणार होतो, ती तपासणी एका पॉइंट टू-टूमुळेच अस्तित्वात आली होती.

याच्या शेजारी आणखी एक गोष्ट ठेवतो. टेक्सासमध्ये हरणाच्या शिकारीला पॉइंट टू-टू वापरायला बंदी आहे. कारण दयेचं आहे. एवढी लहान गोळी हरणाला लगेच मारेलच असं नाही. ते जखमी होऊन पळेल आणि कुठेतरी झुडपात तासन् तास तडफडेल. लहान म्हणजे निरुपद्रवी असा अर्थ शिकाऱ्यांनी कधी लावला नाही. तो आपण लावतो, कारण लहान म्हटलं की फार विचार करावा लागत नाही. मोठं पिस्तूल हातात घेतलं की हाताला भीती वाटते, आणि ती भीती थोडी राखण करते. लहान पिस्तुलाचा जो गुण, भीती वाटू न देण्याचा, त्यानेच हात शिकतो आणि त्यानेच सावधपणा ढिला पडतो.

एवढं कळूनही मी थांबलो नव्हतो. मी म्हटलं, ठीक आहे, सावध राहू. छोटी तिजोरी घेऊ, गोळ्या वेगळ्या ठेवू. शीटमध्ये तिजोरीचे दीडशे डॉलर घातले. मार्क फोर अजूनही पहिलंच.

थांबवलं ते बाबांनी. बाबा शिरोलीच्या एमआयडीसीत आयुष्यभर लेथवर काम केलेले. आईने त्यांना सगळं सांगितलं होतं. मला वाटलं होतं की ते रागावतील, किंवा 'आपल्या घराण्यात कुणी...' असं काहीतरी म्हणतील. खंडेनवमीला त्यांची पाने, पक्कड, व्हर्नियर असं सगळं पाटावर मांडून फुलं वाहणारा हा माणूस. हत्याराशी त्यांचं भांडण नाही. ते एवढंच म्हणाले, "कशाला पायजे ते विचारत नाही मी. ठेवणार कुठं, ते सांग."

मी तिजोरीचं सांगितलं. ते म्हणाले, "चकमध्ये चावी ठेवून माणूस लेथपासून हलला, तर आम्ही त्याला शिव्या देतो. मशीन बंद असलं तरी देतो. मशीन काय करणार नसतं. चालू करणारं कोण येईल, ते आपल्याला म्हाईत नसतं."

चकची चावी मला लहानपणापासून माहीत आहे. लेथच्या चकमध्ये काम घट्ट आवळायची ती चावी. ती तशीच राहिली आणि कुणी मशीन चालू केलं, तर गोळीसारखी उडते. म्हणून नियम असा की चावी हातातून सुटायच्या आत चकमधून बाहेर. पण फोन ठेवल्यावर मला खटकत राहिलं ते शेवटचं वाक्य. माझ्या घरात चालू करणारं कोण येणार? मी एकटाच राहत होतो. कोण येणार?

त्याचं उत्तर मला माहीत होतं, फक्त मी त्याच्याकडे बघत नव्हतो. २०२३ च्या जानेवारीत माझी आधीची नोकरी गेली होती. एच-वन-बीवर नोकरी गेली की दुसरी शोधायला साठ दिवस मिळतात, नाहीतर देश सोडायचा. शैक्षणिक कर्ज अर्ध्याहून जास्त बाकी होतं, आणि घरी मी सांगितलंच नव्हतं. त्या साठ दिवसांतल्या एका रात्री मी तीन वाजता पार्किंगमध्ये गाडीत बसून होतो. कुठे जायचं नव्हतं. मी नसतोच तर सगळ्यांचं किती सोपं झालं असतं, हा विचार अगदी शांतपणे, कोडमधली एखादी अनावश्यक ओळ दिसावी तसा आला होता. मग थंडी वाजायला लागली म्हणून वर गेलो. तेव्हा माझ्यासोबत नागपूरचा एक रूममेट होता. तो पहाटे उठून चहा करत होता. त्याने मला बघितलं, काही विचारलं नाही आणि आधणात आणखी एक कप पाणी ओतलं. दोन दिवसांनी मी त्याला सांगितलं. नंतर काही महिने एका समुपदेशकाकडे जात होतो. बावन्नाव्या दिवशी ही नोकरी मिळाली. ती रात्र गेली. पण तिला जायला सकाळपर्यंतचा वेळ मिळाला होता.

अमेरिकेत २०२१ साली बंदुकीने ४८,८३० माणसं गेली. त्यांतल्या निम्म्याहून जास्त आत्महत्या होत्या, २६ हजारांच्या वर. हे वाचून मी आधी चकित झालो आणि मग झालो नाही. या विषयाचा अभ्यास करणारे सांगतात की असा टोकाचा क्षण बहुतेकदा थोडाच वेळ टिकतो, आणि त्यातून वाचलेली बहुतेक माणसं पुढे आत्महत्येने मरत नाहीत. सगळा फरक त्या थोड्या वेळात हाताशी काय आहे याचा असतो. दुकानात भरायच्या फॉर्मवर बरेच प्रश्न आहेत. गुन्हा केला आहे का, अमली पदार्थ घेता का, कोर्टाने तुम्हाला मानसिकदृष्ट्या अक्षम ठरवलं आहे का. सगळ्यांना माझं उत्तर खरोखर 'नाही' होतं. तीन वाजता झोप लागते का, हे त्यात विचारलेलं नाही. ते कुठलं सरकार विचारू शकेल असंही नाही. ते ज्याचं त्यानेच विचारायचं.

'ठेवणार कुठं' याचं खरं उत्तर असं होतं: मी अशा खोलीत ठेवणार, जिथे कधीकधी रात्री तीनला एक माणूस जागा असतो, आणि तिजोरीचा आकडा त्याला पाठ असतो.

आम्ही इंजिनिअर लोक जोखमीचा हिशोब करतो तेव्हा तीन आकड्यांचा गुणाकार करतो: बिघाड किती गंभीर, किती वेळा होईल, आणि आधी कळेल की नाही. यातली एक जुनी खोट कारखान्यांत सगळ्यांना माहीत असते. अतिशय गंभीर पण अतिशय दुर्मीळ बिघाडाचा गुणाकार लहान येतो आणि तो यादीत खाली जाऊन बसतो. म्हणून शहाणे लोक नियम करतात की गांभीर्य नऊ किंवा दहा असेल, तर गुणाकार बघायचाच नाही, तो बिघाड वेगळा काढून तपासायचा. मी माझ्या शीटमध्ये सगळ्याचा गुणाकारच करत बसलो होतो.

हे मी टीममधल्या त्या टेक्सनला सांगितलं. सगळं नाही, पण बरंचसं. त्याने वाद घातला, आणि तो वाद दुबळा नव्हता. तो म्हणाला, गाडीही माणसं मारते, सुरीही मारते. वस्तू ही वस्तू असते, हेतू माणसाचा असतो. त्याच्याकडे वडिलांचं पॉइंट टू-टू आहे, त्यावर त्याच्या दोन्ही मुली शिकल्या, आणि शिकताना त्यांना सगळ्यात आधी जबाबदारीच शिकवली गेली. मला तो खोटा वाटत नाही. त्याच्या घरातल्या तिजोरीइतकी शिस्त मी फार थोड्या ठिकाणी बघितली आहे.

पण मला वाटतं, आम्ही दोघंही सुरुवातीला एकच चूक करत होतो. वस्तू चांगली की वाईट आणि हेतू शुद्ध की अशुद्ध, या दोनच टोकांमध्ये आम्ही नीती शोधत होतो. माझा हेतू शुद्धच होता. पिस्तूलही खरोखर सरावाचंच होतं. प्रश्न मधल्या मांडणीत होता: कुठली वस्तू, कुणाच्या हातापासून किती अंतरावर, दिवसाच्या कुठल्या वेळी. लेथ वाईट नाही, चावी वाईट नाही, कामगाराचा हेतूही वाईट नाही. चकमध्ये राहिलेली चावी वाईट. त्याच्या घरातली मांडणी वेगळी होती, माझ्या घरातली वेगळी. त्यामुळे त्याचं उत्तर चूक न ठरवताही माझं उत्तर वेगळं येऊ शकतं.

एक कबुली अजून बाकी आहे. मला खरोखर स्वस्त सरावच हवा असता, तर एअर पिस्तूल होतं. दहा मीटर, साडेचार मिलिमीटरचा छर्रा, एकेक दोन-तीन सेंटला. केंद्रीय कायद्याच्या लेखी ती बंदूकही नाही, म्हणजे शिकारीचा परवानाही नको. १९८८ पासून ऑलिंपिकमध्ये आहे. हात स्थिर करायला त्याहून कडक मास्तर नाही. तरी ते माझ्या शीटमध्ये नव्हतंच. का नव्हतं? कारण मला तो आवाज हवा होता. जळलेल्या दारूचा वास हवा होता. ज्या देशात माझं राहणं दर तीन वर्षांनी कुणाच्या तरी शिक्क्यावर ठरतं, तिथे कुणीतरी मला एवढी गंभीर वस्तू विश्वासाने हातात द्यावी, असं मला वाटत होतं. ही इच्छा वाईट आहे असं मी म्हणत नाही. पण तिला मी 'काटकसर' हे नाव दिलं होतं, आणि काटकसर म्हटलं की आपल्या मध्यमवर्गीय घरात पुढे कुणी काही विचारत नाही. स्वस्त आहे ना, मग घे.

शेवटी मी काय केलं? परवाना काढलाच होता, तो खिशात ठेवून आता महिन्यातून दोन शनिवार रेंजवर जातो. तिथलंच मार्क फोर भाड्याने घेतो. शेकडो हातांनी गुळगुळीत झालेलं, रंग उडालेलं. भाडं, लेनचं शुल्क आणि त्यांच्याच गोळ्या धरून एका गोळीचा खर्च आठ सेंटच्या कितीतरी पट पडतो. शीटच्या भाषेत हा सर्वांत वाईट पर्याय. पन्नास गोळ्या झाडतो. हात अजून झुकतो, पण पूर्वीइतका नाही. मग पिस्तूल काउंटरवर परत देतो आणि रिकाम्या हातांनी घरी येतो. आईला अजूनही हे पटलेलं नाही. बाबा विचारतात, "परत दिलंस न्हवं?" मी म्हणतो, दिलं.

रेंजवर नेम धरायच्या आधी मी आता एकदा कागदाच्या पलीकडे बघतो. तिथे मातीचा उंच बांध आहे. आमच्याकडे शेताला असतो तसाच, फक्त दोन माणसांएवढा उंच. ज्या गोळ्या कागदाला लागल्या त्या, आणि ज्या चुकल्या त्याही, सगळ्या त्या मातीत जातात. तिथे चुकायला परवानगी आहे, म्हणून शिकता येतं. माझ्या घरात असा बांध नव्हता. भिंती आहेत, पण त्या जिप्समच्या पातळ पत्र्यांच्या, आणि त्यातल्या एकीच्या पलीकडे शेजाऱ्यांचं तान्हं बाळ झोपतं.

शीटमध्ये मी बारावा कॉलम घातला आहे. त्याचं नाव 'ठेवणार कुठं'. तिन्ही पिस्तुलांपुढे तो रिकामा आहे, आणि सध्या तो तसाच राहू देणार आहे.